सरकारी शाळा आणि मुलांचा प्रश्न : होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम (१९७२–२००२)

१

शाळेत उपस्थित असलेले मूल शिकत असतेच असे नाही, हे निरीक्षण शिक्षणाच्या इतिहासात नवे नाही. पटावरील संख्या आणि वर्गातील अवधान यांमधील तफावत प्रत्येक पिढीतील तपासनिसांच्या नजरेस आलेली आहे. तिची कारणमीमांसा मात्र बहुधा तीनच दिशांनी होत आली : मुलाची कुवत, शिक्षकाची निष्ठा आणि साधनांची उणीव. या तिन्ही कारणांत तथ्य आहे. तथापि वर्गात चालणाऱ्या भाषिक व्यवहाराचे स्वरूप काय असते, कोण बोलतो, कोण विचारतो आणि उत्तराची खरी गरज कोणाला असते, या चौथ्या दिशेकडे फारच थोड्या सुधारकांचे लक्ष गेले.

नित्याच्या व्यवहारात प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ठाऊक नसते. म्हणून तर तो विचारतो. 'बाजारची गाडी गेली का?' असे विचारणारा माणूस ज्याला विचारतो त्याच्यापेक्षा त्या क्षणापुरता अज्ञानी असतो. शाळेतील प्रश्नाची रीत याच्या नेमकी उलट आहे. तेथे विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असते, आणि ज्याला विचारायचे त्याची परीक्षा पाहणे एवढाच प्रश्नाचा हेतू असतो. ज्या मुलाला खरोखर काही ठाऊक नाही, त्याने प्रश्न विचारण्याची सोय या व्यवहारात क्वचितच असते. अशा वर्गातील मूल गप्प बसले, खिडकीबाहेर पाहू लागले, तर त्यात नवल नाही. संभाषणात त्याला नेमून दिलेली भूमिकाच मुळी श्रोत्याची आहे.

भारतातील सरकारी शाळांच्या पातळीवर हा व्यवहार पालटून पाहण्याचा जो एक दीर्घकाळ चाललेला प्रयत्न झाला, तो म्हणजे मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. १९७२ साली सोळा शाळांत त्याचा आरंभ झाला आणि २००२ साली शासनाच्या निर्णयाने तो बंद पडला. या तीस वर्षांचा आढावा घेणे आणि विशेषतः त्यातील भाषेचे स्थान तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

२

कार्यक्रमाची पूर्वपीठिका पाहताना प्रथम कोठारी आयोगाचा निर्देश करावा लागतो. १९६४ साली डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या या आयोगाचा अहवाल १९६६ साली सादर झाला. जे. पी. नाईक हे आयोगाचे सदस्य-सचिव होते. पहिल्या दहा वर्षांच्या शालेय शिक्षणात विज्ञान हा सर्वांना आवश्यक विषय असावा, तसेच एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातील प्राथमिक शाळांचा समूह बांधून त्यांनी परस्परांस साहाय्य करावे, अशा दोन शिफारशी त्यात होत्या. पहिली शिफारस कागदावर लवकर उतरली. ग्रामीण शाळांत विज्ञानाचे पुस्तक आले, परंतु प्रयोग आले नाहीत. विज्ञान हा वाचून पाठ करण्याचा आणखी एक विषय झाला. दुसऱ्या शिफारशीचे काय झाले, ते पुढे येईल.

याच दशकात अखिल भारतीय विज्ञान शिक्षक संघटनेच्या भौतिकी अभ्यासगटाने प्रयोगांतून भौतिकशास्त्र शिकविण्याचा एक पाठ्यक्रम सिद्ध केला. त्यामागील प्रमुख प्रेरणा डेहराडूनच्या डून स्कूलमधील अध्यापक बी. जी. पित्रे यांची होती. डून स्कूल ही संपन्न घरांतील मुलांची शाळा. पण हीच पद्धती मुंबईतील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या काही वैज्ञानिकांनी मुंबई महानगरपालिकेच्या शाळांत आणली. कष्टकरी वस्तीतील मुले, दाटीवाटीचे वर्ग आणि तुटपुंजी साधने अशा परिस्थितीतही मुले स्वतः प्रयोग करू शकतात व त्यांवर बोलू शकतात, असा अनुभव त्यांना आला. एका निवासी शाळेत जन्मलेली पद्धती नगरपालिकेच्या शाळेत तग धरते, हे सिद्ध झाल्यावरच ती खेड्यात नेण्याची कल्पना शक्यतेच्या कोटीत आली. होशंगाबादच्या प्रयोगाची वंशावळ अशा प्रकारे मुंबईतून जाते.

टाटा संस्थेतील रेणवीय जीवशास्त्रज्ञ अनिल सद्गोपाल यांनी १९७१ साली संस्था सोडली आणि होशंगाबाद जिल्ह्यातील बनखेडीनजीक पलिया पिपरिया या गावी 'किशोर भारती' ही संस्था उभी केली. त्याच जिल्ह्यात होशंगाबाद शहराजवळ रसूलिया येथे क्वेकर पंथीयांनी स्थापिलेले 'फ्रेंड्स रूरल सेंटर' पूर्वीपासून कार्यरत होते. या दोन संस्थांनी मिळून राज्य शासनाकडे एक विनंती केली : जिल्ह्यातील सोळा सरकारी शाळांतील सहावी ते आठवीच्या वर्गांत विज्ञान वेगळ्या रीतीने शिकविण्याची मुभा मिळावी. शासनाने ती दिली.

या विनंतीतील एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. स्वतःची आदर्श शाळा काढणे दोन्ही संस्थांना अवघड नव्हते. भारतात अशा शाळांची परंपरा मोठी आहे आणि त्यांनी दिलेले योगदानही मोलाचे आहे. परंतु आदर्श शाळेतील यशाला सरकारी यंत्रणेकडून ठराविक उत्तर मिळते : तेथील शिक्षक निराळे, मुले निराळी, पैसा निराळा. होशंगाबादच्या प्रवर्तकांनी हे उत्तर देण्यास वावच ठेवला नाही. शाळा सरकारी, शिक्षक सरकारी नोकर, इमारत जशी असेल तशी, आणि मुले त्याच गावची. बदलायचे ते एवढेच की एका विषयाच्या तासाला वर्गात काय घडते.

३

१९७२ च्या उन्हाळ्यात सोळा शाळांतील शिक्षकांचे पहिले प्रशिक्षण झाले. प्रशिक्षण देणाऱ्यांत टाटा संस्थेतील वैज्ञानिक होते, प्रा. यशपाल हे त्यांपैकी एक. पुढल्याच वर्षापासून दिल्ली विद्यापीठातील अध्यापकांचा एक गट या कामाशी निगडित झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने त्याला पाठबळ दिले. विद्यापीठातील प्राध्यापकाने खेड्यातील सहावीच्या वर्गात बसणे हा विद्यापीठीय कामाचाच भाग मानला जावा, ही त्या काळी सर्वस्वी नवी कल्पना होती.

पद्धतीचे मूळ सूत्र साधे होते. वर्गातील मुलांनी चार-चारांच्या टोळ्या करून बसावे. प्रयोग शिक्षकाने करून दाखवू नये, टोळीने करावा. दिसले ते मुलांनी वहीत लिहावे. मग सर्व टोळ्यांची निरीक्षणे फळ्यावर मांडून चर्चा व्हावी, आणि निष्कर्ष चर्चेतून निघावा. काही पाठांसाठी वर्ग सोडून शेतात, ओढ्याकाठी जावे लागे. प्रयोगाचे साहित्य एका संचाच्या रूपाने शाळेला दिले जाई आणि जे गावात सापडेल ते विकत आणू नये असा दंडक होता. विच्छेदनाच्या सुईऐवजी बाभळीचा काटा वापरण्याची युक्ती याच वर्गांतली. साहित्याच्या या काटकसरीचा पुढे एक स्वतंत्र विस्तार झाला. पुण्याच्या टेल्को कारखान्यातील तरुण अभियंते अरविंद गुप्ता हे १९७८ साली रजा घेऊन या कामात सहभागी झाले. आगकाड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह-ट्यूब यांपासून भौमितिक आकृती बनविण्याची त्यांची पद्धती त्या वास्तव्यात साकार झाली. पुढे पुण्यातील 'आयुका' या संस्थेच्या मुलांसाठीच्या विज्ञानकेंद्रातून त्यांनी केलेले खेळण्यांचे काम महाराष्ट्रात सुपरिचित आहे.

शिक्षकाच्या दृष्टीने मात्र हा पालट सुखाचा नव्हता. जो प्रश्न मुलाने विचारला त्याचे उत्तर शिक्षकाला ठाऊक असेलच याची शाश्वती नव्हती. पारंपरिक वर्गात शिक्षकाचा अधिकार त्याच्या ठायी असलेल्या उत्तरांवर उभा असतो. तो आधार काढून घेतल्यावर त्याला दुसरा आधार देणे प्राप्त होते. कार्यक्रमाने तो तीन प्रकारे दिला. उन्हाळ्यातील प्रशिक्षणात शिक्षकाला स्वतः विद्यार्थी होऊन तेच प्रयोग करावे लागत, आणि हे प्रशिक्षण तीन इयत्तांसाठी तीन वर्षे क्रमाने होई. वर्षभर शाळेला भेट देणारी सहकारी मंडळी वर्गात बसत. मात्र तपासनिसाच्या भूमिकेत नव्हे. आणि दरमहा परिसरातील शिक्षकांची बैठक होई, तीत अडलेल्या पाठांची चर्चा चाले. 'मला हे ठाऊक नाही' असे शिक्षकाने समव्यवसायींसमोर म्हणण्याची सवय या बैठकांनी लावली. काही वर्षांतच या शिक्षकांतून स्रोत-शिक्षकांचा एक वर्ग तयार झाला आणि नव्या शिक्षकांना प्रशिक्षण देण्याचे काम बऱ्याच अंशी त्यांच्याकडे आले.

४

१९७८ साली कार्यक्रमाचा विस्तार झाला. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आणि भोपाळचे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय यांच्या सहकार्याने तो जिल्ह्यातील सर्व सरकारी माध्यमिक शाळांत, म्हणजे दोनशेहून अधिक शाळांत, लागू करण्यात आला. (मध्य प्रदेशात 'माध्यमिक' ही संज्ञा सहावी ते आठवी या इयत्तांसाठी वापरली जाते.) याच वेळी 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकमालेची पहिली आवृत्ती सिद्ध झाली. ही पुस्तके राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळामार्फत छापली जात. भाषेच्या अभ्यासकाने या पुस्तकांकडे विशेष लक्ष द्यावे असे त्यांचे स्वरूप आहे.

नेहमीच्या विज्ञानपुस्तकातील वाक्य विधानार्थी असते. व्याख्या, तिचे स्पष्टीकरण, उदाहरण, आणि पाठाच्या शेवटी प्रश्न असा त्याचा क्रम. त्या प्रश्नांची उत्तरे त्याच पाठात वर कोठेतरी दडलेली असतात आणि ती शोधून उतरवून काढणे यालाच अभ्यास म्हणतात. 'बाल वैज्ञानिक'मध्ये हा क्रम उलटा केला आहे. तेथील बहुसंख्य वाक्ये आज्ञार्थी किंवा प्रश्नार्थी आहेत : अमुक करा, काय दिसले, असे का झाले असेल. उत्तर पुस्तकात छापलेले नसते. प्रयोग केल्यावाचून पुढचे वाक्य समजत नाही, अशी योजना आहे. तात्पर्य, हे पुस्तक एकट्याने वाचून संपविता येत नाही. ते मुलाच्या वहीने पूर्ण होते, आणि म्हणून एकाच पाठाच्या दोन वह्या सारख्या नसतात.

परिभाषेविषयीचे धोरणही विचारपूर्वक होते. भारतीय भाषांतील वैज्ञानिक परिभाषा बव्हंशी संस्कृत धातूंवरून घडविलेली आहे. महाराष्ट्रात १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषा कोशांचे जे विस्तृत काम केले तेही याच वळणाचे आहे. उच्च शिक्षणात अशा परिभाषेची उपयुक्तता वादातीत आहे. परंतु अकरा वर्षांच्या मुलाच्या हाती ती केव्हा द्यावी, हा प्रश्न उरतोच. नित्याच्या पाठ्यपुस्तकात संज्ञा प्रथम येते आणि अनुभव मागाहून आला तर येतो. त्यामुळे मूल शब्द धरून ठेवते, आणि तो शब्द कशाचे नाव आहे हे त्याला कधीच कळत नाही. 'बाल वैज्ञानिक'मध्ये वस्तू आधी हाताखालून जाते व नाव मागाहून मिळते. आणि शक्य तेथे ते नाव बोलीतील असते.

याचे उत्तम उदाहरण मापनाच्या पाठात आढळते. वर्गातील सर्व मुलांनी एकच लांबी मोजली तर प्रत्येकाचे उत्तर थोडेफार निराळे येते. रूढ शिक्षणात यांतील एक उत्तर बरोबर आणि बाकीची चूक ठरतात. येथे सर्व मापे फळ्यावर मांडून त्यांतील फरकालाच अभ्यासाचा विषय केले आहे, आणि त्या फरकाला 'घट-बढ़' असे बाजारात व शेतात ऐकू येणारे नाव दिले आहे. मापनातील विचलन ही संख्याशास्त्रातील एक मूलभूत कल्पना. ती मुलाला घरच्या शब्दातून मिळते. शिवाय या पाठाचा एक अप्रत्यक्ष संस्कार आहे. शेजाऱ्याचे माप आपल्याहून वेगळे आले, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. दोघांनी मिळून ते पुन्हा घेऊन पाहावे. चुकण्याच्या भयाने गप्प बसणाऱ्या मुलाला बोलते करण्याचे काम असे एखादे प्रकरण जितके करते, तितके उपदेशाने क्वचितच साधते.

तरीही भाषेचा प्रश्न येथे संपत नाही. होशंगाबाद जिल्हा नर्मदेच्या खोऱ्यापासून सातपुड्याच्या डोंगरापर्यंत पसरलेला असून त्यात बुंदेली व माळवी-निमाडी वळणाच्या बोलींबरोबरच डोंगराळ भागात गोंडी आणि कोरकू या भाषा बोलल्या जातात. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. सातपुड्याच्या दक्षिणेस महाराष्ट्राच्या मेळघाटातही तीच बोलली जाते. अशा मुलांच्या दृष्टीने 'बाल वैज्ञानिक'ची सोपी हिंदीदेखील परकीच होती. कार्यक्रमाने हिंदीला बोलीच्या जवळ आणले; हिंदीबाहेरच्या भाषांपर्यंत त्याचे पुस्तक पोहोचले नाही. मात्र प्रयोगाच्या वेळी टोळीत होणारे बोलणे कोणत्या भाषेत व्हावे यावर पुस्तकाचा निर्बंध नव्हता, आणि चार मुले एकत्र काम करू लागली की ती आपापल्या बोलीत बोलणार, हे उघड आहे. पद्धतीने जी मोकळीक आपोआप दिली ती पुस्तकाला देता आली नाही.

'सवालीराम' ही या कार्यक्रमाची आणखी एक लक्षणीय निर्मिती. सवालीराम हे काल्पनिक पात्र. मनात येईल तो प्रश्न मुलाने पत्राने सवालीरामला विचारावा आणि त्याला पत्रानेच उत्तर मिळावे, अशी ही योजना होती. प्रश्न पाठाशी संबंधित असण्याचे बंधन नव्हते. आरंभी वर्णिलेल्या शालेय प्रश्नाच्या तुलनेत या पत्रांचे स्वरूप ध्यानी येते. येथे विचारणारे मूल खरोखर अज्ञ आहे, उत्तराची त्याला खरोखर गरज आहे, आणि गुणांचा संबंध कोठेच नाही. प्रश्नाचा नैसर्गिक व्यवहार शाळेच्या उंबरठ्याच्या आत आणण्याचा हा सर्वांत सरळ मार्ग होता.

५

सुधारणेचे भवितव्य पुष्कळदा परीक्षेत ठरते. वर्गात मुलाला शोध घेऊ द्यावा आणि वर्षाअखेर त्याची स्मरणशक्ती तपासावी, असे झाले तर काही महिन्यांतच वर्ग पूर्वपदावर येतो. कारण परीक्षेत जे विचारले जाते तेच शिकविले जाते. हे ओळखून कार्यक्रमाने परीक्षाही पालटली. लेखी परीक्षेस मुलांनी पुस्तक व वही बरोबर आणावी, अशी मुभा होती. प्रश्न असे असत की त्यांचे उत्तर उतरवून काढण्याजोगे कोठेच नव्हते : नवी निरीक्षणे द्यावीत आणि त्यांवरून आलेख काढण्यास वा निष्कर्ष मांडण्यास सांगावे. त्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षा असे. आठवीच्या बोर्ड परीक्षेतही या शाळांसाठी विज्ञानाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका निघू लागली. एका जिल्ह्यातील खेड्यांच्या शाळांसाठी राज्याच्या परीक्षायंत्रणेने स्वीकारलेला हा अपवाद, हे कार्यक्रमाचे कदाचित सर्वांत कठीण प्रशासकीय यश म्हणावे लागेल.

कोठारी आयोगाच्या दुसऱ्या शिफारशीलाही येथे मूर्त रूप मिळाले. शाळासमूहाच्या केंद्रस्थानी असलेल्या शाळेला 'संगम केंद्र' म्हटले जाई. मासिक बैठका, साहित्याचे वाटप आणि पाठपुरावा यांची व्यवस्था तेथून होई. १९८२ साली कार्यक्रमाची जबाबदारी पुढे नेण्यासाठी 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली. तिच्या द्वारे हा प्रयोग राज्यातील इतर अनेक जिल्ह्यांतील निवडक शाळासमूहांत रुजविण्यात आला, सामाजिक शास्त्रे व प्राथमिक शिक्षण या क्षेत्रांतही तिने काम आरंभले, आणि १९८५ पासून 'चकमक' हे मुलांचे मासिक काढले. अखेरच्या काळात कार्यक्रमाखालील शाळांची संख्या सुमारे एक हजारापर्यंत व विद्यार्थ्यांची सुमारे एक लाखापर्यंत पोहोचली होती.

६

याच सुमारास महाराष्ट्रात झालेल्या एका कामाची येथे तुलना करणे उद्बोधक ठरेल. १९७४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयाने मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. डॉ. भा. मा. उदगावकर यांचा त्याच्या स्थापनेत मोठा वाटा होता आणि मुंबईच्या पालिका शाळांत काम केलेले प्रा. व्ही. जी. कुलकर्णी यांनी केंद्राचे नेतृत्व केले. केंद्राने आपल्या आरंभीच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत एक प्रकल्प हाती घेतला. त्यातून पुढे आलेला प्रश्न सर्वस्वी भाषिक होता : ग्रामीण विद्यार्थी विज्ञानात मागे पडतो तो विज्ञान अवघड असल्यामुळे, की पाठ्यपुस्तकाची मराठी अवघड असल्यामुळे? आशय तसाच ठेवून केवळ भाषा सोपी केलेले पाठ मुलांना दिले असता त्यांची कामगिरी सुधारते, असे प्रा. कुलकर्णी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले.

दोन्ही कामांचे मूळ एक. दिशा मात्र निराळ्या. खिरोद्याच्या अभ्यासाने पुस्तकातील विधान सुबोध केले. होशंगाबादने विधानाच्या जागी प्रश्न आणला. पहिला मार्ग प्रचलित व्यवस्थेला पेलण्याजोगा आहे. पुस्तक पुन्हा लिहिले की काम पुष्कळसे होते. दुसऱ्या मार्गाला पुस्तकाबरोबर साहित्य, प्रशिक्षण, बैठका, परीक्षा आणि प्रशासन यांची सततची जोड लागते. त्यांतील एक दुवा सैल झाला की उरलेले दुवे ताणले जातात. पुढील इतिहास याचीच साक्ष देतो.

७

१९९० नंतरच्या दशकात हे दुवे सैल होऊ लागले. मध्य प्रदेशात नियमित शिक्षकांच्या जागी अल्प मानधनावर 'शिक्षाकर्मी' नेमण्याचे धोरण आले. प्रशिक्षित शिक्षकांच्या बदल्या, साहित्याच्या भरपाईतील दिरंगाई आणि मासिक बैठकांची घटती नियमितता यांमुळे अनेक शाळांत पद्धतीचे नाव राहिले, वर्ग पूर्ववत झाला. एक सैद्धांतिक अडचणही होती. जे प्रयोगाने हाती लागते तेच शिकवावे, या आग्रहामुळे अणू-रेणूंसारख्या थेट न दिसणाऱ्या कल्पनांना अभ्यासक्रमात फारसे स्थान मिळाले नाही. नववीत गेलेल्या मुलाला मात्र त्याच कल्पनांना तोंड द्यावे लागे. तेथील पुस्तक व परीक्षा जुन्याच वळणाची होती. तीन वर्षे प्रश्न विचारण्याची सवय लागलेले मूल चौथ्या वर्षी पुन्हा श्रोत्याच्या भूमिकेत जाई.

पालकांच्या मनातील शंकेचे मूळ येथे आहे, आणि तिची उपेक्षा करणे न्यायाचे होणार नाही. ज्या घरातील पहिलेच मूल दहावीपर्यंत पोहोचते, त्या घराला बोर्डाचा निकाल हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. आमच्याच मुलांवर प्रयोग का, हा त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. होशंगाबादची मुले पुढील वर्गांत मागे पडतात हा आक्षेप समर्थकांनी निकालांच्या आकड्यांच्या आधारे खोडून काढला. तथापि अशा वादात आकड्यांपेक्षा समजूत प्रबळ ठरते.

अखेर २००२ साली जिल्हा नियोजन समितीत कार्यक्रम बंद करण्याची मागणी पुढे आली, आणि राज्यात सर्वत्र एकच पुस्तक असावे या भूमिकेतून शासनाने त्याच वर्षी तो थांबविला. देशभरातील वैज्ञानिक, शिक्षक व शिक्षणतज्ज्ञ यांनी निषेध नोंदविला. निर्णय फिरला नाही. एकलव्यच्या सामाजिक शास्त्र व प्राथमिक शिक्षण या उपक्रमांनाही शाळांतून माघार घ्यावी लागली. सुशील जोशी यांनी 'जश्न-ए-तालीम' या ग्रंथात या तीन दशकांचा सविस्तर इतिहास लिहून ठेवला आहे.

८

कार्यक्रम बंद झाला, म्हणून तो फसला असे अनुमान काढणे इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणारे नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या सुकाणू समितीचे अध्यक्ष प्रा. यशपाल होते, १९७२ मध्ये रसूलियाच्या शिक्षकांबरोबर काम करणारे तेच. पाठांतराऐवजी अनुभवातून ज्ञाननिर्मिती हे या आराखड्याचे सूत्र असून त्यानंतरच्या राष्ट्रीय विज्ञानपुस्तकांत कृतींना मध्यवर्ती स्थान मिळाले. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सिद्धतेत एकलव्यचे एक संस्थापक विनोद रैना यांचा सहभाग होता. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या या कायद्याच्या २९ व्या कलमात कृती, शोध व अन्वेषण यांतून शिक्षण, भयमुक्त वातावरण आणि शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम यांचा स्पष्ट निर्देश आहे. एका जिल्ह्याने जे २००२ मध्ये दूर सारले, ते आठ वर्षांत देशाच्या कायद्याचा भाग झाले. महाराष्ट्रातही २०१५ साली आरंभलेल्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात ज्ञानरचनावादाची भाषा सरकारी परिपत्रकांपर्यंत पोहोचली.

परंतु येथेच सावधगिरीची आवश्यकता आहे. परिपत्रकाचे वाक्य आज्ञार्थी असते. 'वर्गात कृती घ्याव्यात' असा आदेश निघाला की कृतींची नोंद होऊ लागते, तक्ते भिंतीवर लागतात, आणि शिक्षकाच्या हाती उत्तरासह छापलेला कृतिसंग्रह येतो. मूल हालचाल करते. प्रश्न मात्र अद्याप दुसऱ्याचाच असतो. होशंगाबादच्या तीस वर्षांनी दाखविले ते असे की, मुलाचा सहभाग हा कृतींच्या संख्येवर अवलंबून नसतो. ज्या वर्गात उत्तर आधीच ठरलेले नसते आणि 'ठाऊक नाही' असे म्हणण्याची मुभा मुलाप्रमाणे शिक्षकालाही असते, तेथे तो सहभाग संभवतो. ही मुभा आदेशाने देता येत नाही. मासिक बैठका, वेळेवर मिळणारे साहित्य, पुस्तक उघडे ठेवून दिलेली परीक्षा अशा किरकोळ वाटणाऱ्या व्यवस्थांनी ती वर्षानुवर्षे जपावी लागते.

या व्यवस्थांचा लिखित इतिहास विपुल आहे. वर्गातील प्रत्यक्ष बोलण्याचा त्या मानाने अल्प आहे. त्या तीस वर्षांत मुलांनी भरलेल्या वह्या आणि सवालीरामला लिहिलेली पत्रे यांतून एका ग्रामीण प्रदेशातील मुलांच्या जिज्ञासेचा, आणि त्यांच्या लिखित हिंदीवर उमटलेल्या बोलींच्या ठशांचा अभ्यास होऊ शकेल. ज्या सरकारी शाळांतील मुले बोलत नाहीत अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते, तेथील मुलांना विचारू दिले असता ती काय विचारतात, हे त्या कागदांत आहे. होशंगाबाद जिल्ह्याचे नाव २०२२ साली नर्मदापुरम् झाले आणि कार्यक्रमातील अनेक शिक्षक आता निवृत्त झाले आहेत. या साधनांचे संकलन व भाषिक विश्लेषण हे काम भाषाविज्ञान व शिक्षणशास्त्र या दोन्ही विषयांच्या संशोधक विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगे आहे, आणि ते फार लांबणीवर टाकता येणार नाही.